राजवाड्याची तीट

एक होता राजा. लांब पश्चिमेला, समुद्रापलीकडे. म्हणजे खरं-खोटं करायला आपल्यातलं कुणी जाणार नाही, इतक्या लांब.

त्याचा राजवाडा मोठा नवलाचा, बरं का. कमानीमागे कमान, तिच्यामागे पुन्हा कमान. दगडाची जाळी इतकी बारीक, की ऊनसुद्धा चाळून आत यायचं. आणि पाणी तर वाड्यात घरच्या मांजरासारखं हिंडायचं. पहिल्या चौकात ते हौदात टपटपायचं. दुसऱ्या चौकात संत्र्यांच्या झाडांखालून कुजबुजत जायचं. तिसऱ्या चौकात पितळी हरणाच्या तोंडातून खळखळायचं.

राजाची आई आंधळी होती. ती या आवाजांवर चालायची. कुजबुज आली की संत्री आली, खळखळ आली की हरीण आलं. हात धरायला कुणी लागायचं नाही.

राजाला मात्र सगळं सरळ लागे. दाढीसुद्धा तो पट्टी लावून कापून घ्यायचा. वाड्याच्या भिंतींना चिनी मातीच्या निळ्या फरश्या होत्या आणि त्यांवर उठावाची वेल होती. एकदा काय झालं, त्यातली एक फरशी राजाला उलटी दिसली. वेल तिथं तुटलेली, फूल खाली डोकं वर पाय. माझ्या वाड्यात चूक, असं म्हणून राजानं ती लगेच सुलटी करून घेतली. प्रधानानं टाळ्या वाजवल्या. प्रधानाचं कामच ते.

दुसऱ्या दिवशी पाणी थांबलं.

मग हकीम आले. त्यांनी कारंज्याची नाडी पाहिली आणि त्याला विश्रांती हवी म्हणून सांगितलं. इकडे राजाची आई, म्हणजे वाड्यातली आजी, हरणाकडे जायला निघाली, ती खांबावर आपटली. मग ती खोलीबाहेर पडेना, जेवेना. म्हणाली, "पाणी गेलं, माझे डोळे गेले."

तिची एक नात होती, लुबना. तिला कुठली गोष्ट गप्प बसून पाहवत नसे. तुमच्यासारखीच. ती पाणी शोधायला निघाली.

पहिल्या चौकात हौदाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात एक मासा होता. तिनं त्याला विचारलं, पाणी आटलं का रे? मासा म्हणाला, आटलं नाही, अडलंय. मग ती दुसऱ्या चौकात गेली. संत्र्याच्या झाडाला विचारलं, का अडलं? झाड म्हणालं, वाड्याला दृष्ट लागलीय. मग ती तिसऱ्या चौकात गेली. हरणाला विचारलं, दृष्ट का लागली? हरणाचा घसा कोरडा, बोलवेना. कसंबसं म्हणालं, "डोळे असलेल्यांनीच घोळ घातलाय. जिला दिसत नाही, तिला विचार."

मग लुबनानं आजीचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. आजी भिंतीवर तळवा फिरवत चालली. ही कमान, ही जाळी, ही वेल. आणि एका जागी थांबली.

"इथं वेल तुटायची. कुणी जोडली?"

राजा म्हणाला, मी. आजीनं सांगितलं, अरे, बांधणाऱ्यानं ती फरशी मुद्दाम उलटी बसवली होती. इतक्या देखण्या वाड्याला नजर लागू नये म्हणून. राजा म्हणाला, पुन्हा उलटी केली तर पाहुणे हसतील.

तेव्हा आजी म्हणाली, "तू लहान असताना मी रोज तुझ्या गालाला तीट लावायची. राजपुत्राचं तोंड चुकलंय, असं कुणी म्हणालं नाही बाबा."

प्रधान छताकडे बघू लागला. राजानं कारागिराला हाक मारली, पण आजी म्हणाली, ज्यानं काढली त्यानंच लावावी. मग राजानं स्वतः चुना कालवला. फरशी काढली, उलटी बसवली. जरा तिरकीही बसली. आता फूल पुन्हा खाली डोकं वर पाय.

आधी हरीण खोकलं. मग संत्र्यांखाली कुजबुज सुरू झाली. मग हौदात टप, टप.

आजीनं लुबनाचा हात सोडला. जाता जाता राजाचा गाल कुरवाळला, तर बोटाला ओलं लागलं. चुन्याचा ठिपका होता. राजा पुसायला गेला. आजी म्हणाली, "राहू दे." आणि एकटी संत्र्यांकडे चालत गेली.

राजानं तो ठिपका दिवसभर ठेवला. संध्याकाळी दरबारात प्रधानही गालाला चुना लावून आला.

तेव्हापासून त्या वाड्यात सगळी सुखानं राहिली आणि फरशी उलटी राहिली. तुम्ही मात्र आता सुलटे व्हा. उशीकडे डोकं करा. आणि गालाची तीट पुसू नका.