नवा माणूस मधे

राजांची नावं लोक विसरले आणि नदी तेवढी लक्षात राहिली, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. दोन्ही राजांचं कशावरून तरी बिनसलं. कशावरून, हे पुढे त्यांनाही आठवेना. पण नावा बंद झाल्या त्या झाल्याच. राजांचं काही अडलं नाही. राजांचं कधी अडतं? अडलं ते अलीकडच्या काठावरच्या एका कोष्टिणीचं. तिची एकुलती एक लेक पलीकडे दिली होती.

नदीचं पात्र इतकं रुंद, की हाक पोहोचत नसे. दोन्ही काठांना डोक्याहून उंच बोरूचं दाट बन. मग मायलेकींनी आपली एक रीत पाडली. रोज सकाळी लेक पाण्याला येई. आई काठावरच्या उंबराच्या झाडाजवळ उभी राही आणि बोरूच्या शेंड्यांवर हात उंच करी. पलीकडूनही एक हात वर येई. एवढंच. एवढ्यावर दोघींचा दिवस निघे.

जन्मभर माग चालवून कोष्टिणीचे दोन्ही खांदे धरले. हात आधी डोक्यावर जाईना, मग कपाळापर्यंतही जाईना. पलीकडचा हात मात्र रोज वर येई, वाट पाही आणि सावकाश खाली जाई. बोरूच्या फटीतून आई ते बघत राही.

"काठीला फडकं बांध की," शेजारीण म्हणाली.

"बांधलं होतं. पहारेकऱ्यांनी शत्रूला इशारा समजून ओढून नेलं. अख्खं राज्य माझ्या लुगड्याच्या चिंधीला घाबरतं बघ!"

"मग नावाड्याबाबांकडे तरी जा. होडी गेली, पण म्हाताऱ्याचं वल्हं मारणं काही सुटलं नाही."

ते खरंच होतं. नावा बंद झाल्यावर म्हाताऱ्या नावाड्याचं अंग आखडू लागलं, म्हणून तो रोज सकाळी वाळूत उभा राहून रिकाम्या हातांनीच वल्हं मारी. अगदी सावकाश. ओढताना श्वास आत, लोटताना बाहेर. बघता बघता दुखऱ्या गुडघ्यांची, धाप लागणारी, झोप हरवलेली माणसं त्याच्याभोवती जमू लागली. होडी वळावी तशी ती सगळी मिळून वळत. कधी नदीकडे, कधी गावाकडे, कधी उगवतीकडे.

कोष्टीण कडेला उभी राहिली. नावाड्यानं तिला दंडाला धरून आत नेलं.

"नवा माणूस मधे," तो म्हणाला.

"बाबा, मला यातलं काही येत नाही. चारचौघांत हसं कशाला करता?"

"ज्याला पोहता येत नाही त्याला आम्ही होडीत कुठं बसवतो? मधे! आता कुणीकडंही वळ, तुझ्यापुढं कुणीतरी असेलच. त्याच्याकडं बघ आणि हात हलव. घाई करू नकोस, पाण्याला काही घाई नाही."

तिनं तसं केलं. हळूहळू हात छातीवर आला, मग हनुवटीशी, मग कानापर्यंत. आता फक्त वीतभर. त्या वीतभरासाठी ती पहाटे उठू लागली.

तेवढ्यात प्रधानाला या गोष्टीचा सुगावा लागला. गोरगरिबांचं काही बरं चाललं, की वाड्यातल्या लोकांना लगेच त्यात राज्याचं भूषण दिसतं. प्रधानानं नावाड्याला शाल दिली, सगळ्यांना जमायला राजवाड्याचं अंगण दिलं, पण एक सूचनाही केली.

"पुढच्या रांगेत उत्तम येणारे घ्या. नवखे मागे, भिंतीकडे. सज्जातून महाराज बघतात."

नावाड्यानं शाल चाचपली आणि मान हलवली.

पुढच्या रांगेत सरदार आले, सावकार आले. कोष्टीण शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात. तोंड सज्जाकडे असेतो तिला पुढचे दिसत. पण सगळे मागे वळले, की तिच्यापुढे नुसती भिंत. ती अंदाजानं हात हलवी. असाच एकदा हात भलतीकडे ओढला गेला, खांद्यात कळ आली, आणि कानापर्यंत गेलेला हात पुन्हा छातीशी आला. मागच्या रांगेतली माणसं एकेक करून यायची थांबली. कुणी विचारलं नाही. मागे कोण नाही, हे सज्जातून दिसत नाही.

कोष्टीण पुन्हा नदीवर जाऊन बसू लागली. पलीकडे हात वर येई, पण आता क्वचित. मग तोही येईना.

मेलेल्या माणसाच्या नावानं नदीत दिवा सोडायची त्या मुलखात चाल होती. एका संध्याकाळी पलीकडून एक द्रोण वाहत आला आणि तिच्या पायाशी बोरूत अडकला. आत विझू आलेला दिवा. दिव्याखाली कापडाचा तुकडा, हिरवा, रुईफुली काठाचा. तिनं तो लगेच ओळखला. लेकीच्या लग्नातलं लुगडं तिनंच विणलं होतं.

सकाळी ती द्रोण घेऊन राजवाड्यात गेली आणि सरदारांच्या रांगा ओलांडून नावाड्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हा दिवा माझ्या नावाचा आहे."

नावाडी द्रोणावर वाकला.

"माझा हात दिसेना, म्हणून लेकीनं मला मेलेली समजून पोहोचवलं," कोष्टीण म्हणाली, "आणि मी इथं तुमच्या भिंतीकडं तोंड करून उभी! तुम्हीच सांगितलं होतं ना, नवा माणूस मधे? की शाल अंगावर आली नि होडी विसरली?"

"बाई, तुझी जागा कुठं आहे?" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"मधे!" उत्तर नावाड्यानं दिलं. त्यानं शाल घडी करून बाजूला उभ्या प्रधानाच्या हातात ठेवली आणि तो नदीची वाट चालू लागला.

वाळूत पुन्हा माणसं जमली. गेलेलीही परत आली. मधे कोष्टीण. छाती, हनुवटी, कान. हिवाळा सरला. आणि एका सकाळी उंबराजवळ तिचा हात बोरूच्या शेंड्यांवर गेला. सावकाश, पण गेला.

पलीकडे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. ती रोज हात वर करीत राहिली.

मग एके दिवशी बोरूच्या फटीतून पलीकडे ऊन चमकलं, कुणाच्या हातून पितळेची घागर पडावी तसं. बोरूवर एक हात आला. खाली जाईना. आणि थोड्या वेळानं त्या हाताशेजारी आणखी एक हात वर उचलला गेला, इवलासा, तिनं कधी न पाहिलेला.

नावा अजून बंदच होत्या. राजवाड्याच्या अंगणात मात्र गवत उगवलं. मागे वळल्यावर कुणाकडे बघायचं, ते पुढच्या रांगेला कळेना.

म्हणून लक्षात ठेवा: ज्याला अजून येत नाही त्याला भिंतीशी नव्हे, आपल्या मधे उभं करावं.