एक तरी घर

सोनखेड संस्थानातला तलाव फुटला, तेव्हा दिवाण त्र्यंबकरावांनी खापर फोडलं वडारांवर. परमुलखातले म्हणून त्यांना हाकललं. पुढच्या साली गुरं मेली, तर कैकाड्यांना हाकललं. यंदा तापाची साथ आली आणि दवंडी पिटली, की पिंजाऱ्यांनी दिवस मावळायच्या आत गाव सोडावं.

कापूस पिंजणारी म्हातारी बानूबी कचेरीसमोर येऊन उभी राहिली. सारा गाव तिथं जमला होता. दरसाल तिच्याकडून गाद्या भरून घेणारे आज जमिनीकडे बघत होते. ती ठाम आवाजात म्हणाली,

"दिवाणसाहेब, आम्ही निघतो. आमचं एक तरी घर मात्र राहू द्या."

"ते कशाला?" दिवाण गुरगुरले.

"तुमच्याच काळजीपोटी. दोष द्यायला आता आम्हीच तेवढे उरलोय. आम्हीही गेलो आणि पुढच्या साली काही बिघडलं, तर लोक कुणाकडे बघतील?"

खाली गेलेल्या माना हळूहळू वर झाल्या आणि दिवाणांकडे वळल्या. त्र्यंबकरावांनी कपाळाचा घाम पुसला आणि हुकूम मागे घेतला.

बानूबी घरी आली. बांधून ठेवलेलं गाठोडं मात्र तिनं सोडलं नाही.