दाराएवढी पाटी

एका गावात एक कासार होता. गाव म्हणजे चार झोपड्यांचं नव्हे हं, चांगली दगडी वेस होती, लांबलचक बाजारपेठ होती, आणि पेठेत कुणी वेडंवाकडं वागू नये म्हणून एक कोतवालही होता. या कासाराचं दुकान पेठेच्या मधोमध. दार इतकं अरुंद, की एक बाई आत शिरली की दुसरीनं बाहेर थांबायचं. पण आत गेलं की गारवा असायचा. भिंतीवर ओळीनं खुंट्या, खुंट्यांवर बांगड्यांचे जुडगे, आणि खाली मऊ चटई.

आता ज्यांनी कासाराकडे बांगड्या भरल्यात त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी भरल्या नाहीत त्यांनी आईला विचारावं. बांगडी घट्ट हवी. घट्ट बांगडी हातावर चढवायची म्हणजे कासार पंजा असा दाबतो, की डोळ्यांतून पाणी यावं. बाई ओठ चावते, तोंड वेडंवाकडं करते, "मेले गं आई" म्हणते. मग बांगडी मनगटावर बसली, की हसून दुसरा हात पुढे करते. हे सगळं चार भिंतींच्या आड होतं म्हणून बरं. शिवाय तिथं बसल्या बसल्या सासूबद्दल जे बोलून होतं, ते घरी थोडंच बोलता येतं?

असं छान चाललं होतं, तोवर समोर दुसऱ्या कासारानं दुकान टाकलं, आणि त्यानं लावली चार हातांची पाटी. आपल्या कासाराची पाटी होती वीतभर. तो दिवसभर समोर बघत बसला. संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पाच हातांची पाटी लावली. समोरच्यानं सहा हातांची लावली. यानं मग पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड बांधलं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बांगड्या इथेच'. समोरच्यानं त्याच्यावरून दुसरं कापड बांधलं, 'तिथे नव्हे, इथे'. बघून बघून तेल्यानं बांधलं, शिंप्यानं बांधलं, तांबटानं बांधलं. पेठेत भर दुपारी अंधार पडू लागला. एक दिवस कोतवाल पेठेतून चालला होता, तर त्याचं पागोटं एका दोरीत अडकलं. ते तिथंच लोंबत राहिलं आणि कोतवाल बोडक्या डोक्यानं चावडीपर्यंत पोचला. लोक वाटभर हसत होते, त्याला वाटलं आज सगळे खुशीत दिसतायत.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. रस्त्यावर कापड नाही, दोरी नाही. एका दुकानाला एकच पाटी. आणि पाटी दुकानाच्या दाराएवढीच रुंद, त्याहून बोटभरही जास्त नाही. घरात बसून धंदा करणाऱ्यानं दारावर वीतभर पाटी लावावी, नाही लावली तरी चालेल.

कोतवाल भला माणूस होता. हातात गाठी मारलेली सुतळी घेऊन तो स्वतः दारोदार फिरला आणि ज्याला त्याला समजावून सांगत सुटला. "हे बघा कासारबुवा, रस्ता सगळ्या गावाचा. दार तेवढं तुमचं."

कोतवाल पुढे गेला, तसा कासार तडक दुकानाचं दार मोजायला बसला.

"अहो, दार काय मोजताय? वाढलंय की काय?" त्याची बायको म्हणाली. ही कासारीण तोंडाची फटकळ, पण हाताची फार हलकी. नव्या नवऱ्या मुली तिच्याच हातून बांगड्या भरून घ्यायच्या.

"अगं, पाटी दाराएवढी हवी असं सांगितलंय," कासार म्हणाला. "दार केवढं हवं, ते कुठं सांगितलंय?"

आणि त्यानं गवंड्याला बोलावलं.

गवंड्यानं डोकं खाजवलं. "मालक, भिंत काढली तर खुंट्या कुठं ठोकायच्या?"

"ते मागाहून बघू. तू आधी काढ."

दार दोन हात रुंद झालं, पाटी दोन हात रुंद झाली. कोतवाल आला, सुतळी लावली, माप बरोबर. समोरच्या कासारानंही गवंडी लावला. मग याच्या दारानं पुन्हा भिंत खाल्ली, त्याच्याही दारानं खाल्ली. गवंड्याची मात्र चंगळ झाली, सकाळी या बाजूला, दुपारी त्या बाजूला. महिन्याभरात आपल्या कासाराच्या दुकानाला पुढची भिंत उरली नाही. छत एका लाकडी खांबावर उभं, बांगड्यांचे जुडगे आढ्याला टांगलेले, आणि वर बारा हातांची पाटी. ती दोन जाडजूड आकड्यांवर लटकवलेली. पाटी वेशीवरून दिसायची. कासार वेशीपर्यंत जायचा, मागं वळून पाटी बघायचा आणि खूश होऊन परत यायचा.

पण बायका येईनात. आणि का येतील हो? चटई आता जवळजवळ रस्त्यातच. एका नव्या सुनेनं "आई गं" म्हटलं, तर समोरचा शिंपी सुई थांबवून म्हणाला, "वहिनी, अंगठा आत घ्या म्हणजे सरकेल." तेली तिथूनच म्हणाला, "साबण लावा, साबण." सासूबद्दल बोलायला तोंड उघडावं, तर सासू पलीकडे भाजी घेत उभी. बायका आपल्या म्हणू लागल्या, "नंतर येते हं."

कासारीण रोज सांगायची, "अहो, भिंत घाला. बायकांना लाज वाटते." कासार रोज म्हणायचा, "पाटी अजून लहान पडतेय."

अशात नगरशेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीचा हिरवा चुडा कोण भरणार, याची पेठेत चर्चा सुरू झाली. शेठजींच्या घरचा चुडा ज्याच्या हातून भरला जायचा, त्याला लग्नमंडपात बोलावून पागोटं बांधायचे. कासाराच्या आज्याला बांधलं होतं, बापाला बांधलं होतं. आता आपल्याला बांधावं, एवढंच त्याच्या मनात होतं. ते पागोटं समोरच्याच्या डोक्यावर दिसलं असतं, तर त्यानं गावच सोडलं असतं.

आणि शेठाणीबाई आल्याच. नवरी मुलगी, तिच्या आत्या, मावश्या, मिळून तेराजणी. कासारानं चटई झटकली. नवरी बसली. तिनं हात पुढे केला, आणि पेठ थांबली. शिंपी उठून आला, तेली आला, भाजीवाल्या आल्या, कोतवालही सुतळी घेऊन येऊन उभा राहिला. समोरचा कासार स्वतःचं रिकामं दुकान सोडून बघायला आला. एक नंदीबैलवाला चालला होता. त्याच्या बैलाला एवढं मोठं दार म्हणजे पुढचा रस्ताच वाटला. झुली-घुंगरांसकट तो सरळ आत आला आणि नवरीच्या मागं उभा राहिला.

शेठाणीबाई म्हणाल्या, "हाही बांगड्या भरायला आलाय का?"

बैलानं मान हलवली. पेठ खदाखदा हसली. नवरीनं हात मागे घेतला, पदरात तोंड लपवलं आणि रडायला लागली. बांगडी अजून चढलीही नव्हती.

शेठाणीबाई शहाण्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "कासारदादा," त्या म्हणाल्या, "माझा शेला घ्या आणि पडदा लावा. तेवढ्यापुरता. मग भरा चुडा."

पडदा बांधायला कासारानं इकडं तिकडं बघितलं. भिंत तर नव्हतीच. होते ते वरचे दोन आकडे, पाटीचे. तिथं शेला अडकवला, की पाटी झाकली जाणार.

कासाराचा हात शेल्यावर होता. त्यानं बाहेर बघितलं. अख्खी पेठ जमली होती. आयुष्यात पुन्हा इतके लोक त्याच्या पाटीखाली उभे राहणार नव्हते. आणि नेमकी आत्ता ती झाकायची? समोरचा कासार बघत असताना?

"शेठाणीबाई," तो म्हणाला, "पाटी झाकली जाईल हो. त्यापेक्षा मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो."

शेठाणीबाईंनी शेला त्याच्या हातातून काढून घेतला. "ऊठ गं बाळ," त्या मुलीला म्हणाल्या.

तेव्हा मागं बसलेली कासारीण उठली. आढ्याचा हिरवा जुडगा तिनं काढला, नवरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल पोरी, घरी चल. दुकानामागच्या बोळात आमचं घर आहे. दार लावलं की माशीसुद्धा आत येत नाही." मग ती कोतवालाकडे वळली. "काय हो कोतवालसाहेब, घरी बसून भरलं तर चालतं ना?"

"चालतं की," कोतवाल म्हणाला.

तेराजणी तिच्यामागून बोळात गेल्या. बघायला काही उरलं नाही, तशी पेठ पांगली. नंदीबैलही निघाला, पण त्याला मागं वळायचं होतं. तो वळला, शिंग आढ्याच्या दोरीत गुंतलं, आणि वरचे सगळे जुडगे खाली आले. बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी दुकानात हजारभर बांगड्या वाढल्या.

कासार काचांमध्ये उभा राहिला. थोड्या वेळानं बोळातून गाणी ऐकू आली, मग नवरीचं "आई गं", मग सगळ्याजणींचं हसणं. तो घरापाशी गेला. दार आतून लावलेलं. त्यानं कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून बायकोनं विचारलं.

"मी. चुडा भरायला आलोय."

"भरून झाला. आत बसायला जागा नाही, तुम्ही जरा थांबा."

कासार उंबऱ्याबाहेर बसला आणि त्याला खरंच रडू आलं. आज्याच्या हातचा, बापाच्या हातचा मान त्याच्या हातात आला होता आणि शेल्याएवढ्या पडद्याला नाही म्हणून त्यानं तो घालवला होता.

लग्नात पागोटं बांधलं गेलं नाही. शेठाणीबाईंनी कासारणीला मंडपात बोलावून सगळ्यांदेखत जरीकाठी लुगडं दिलं. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका बोळात रांग लावू लागल्या. कासारानं गवंड्याला बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, "भिंत घाल बाबा." पाटी कापून त्यानं बायकांना बसायला पाट करून घेतले. समोरच्या कासारानं ते बघितलं आणि तोही गवंड्याकडे पळाला. गवंड्याचं काय, त्याची पुन्हा चंगळच झाली.

आठ दिवसांनी कोतवाल सुतळी घेऊन बोळात आला. घराचं दार त्यानं वरून खालून बघितलं, चौकट बघितली, कोनाडा बघितला. मापायला काही सापडेना.

"बाई," तो म्हणाला, "तुमची पाटी कुठंय?"

कासारणीच्या हातात कुणाचा तरी हात होता. तिनं मान वर न करता सांगितलं, "लावायला सवडच मिळाली नाही हो."

आता एवढं ऐकून तात्पर्य विचाराल, तर ते असं: नियमातून पळवाट काढताना आपण नेमकी कुणाची भिंत पाडतोय, ते आधी बघून घ्यावं.