रिकामी छाती

एकदा एका सनईवाल्याचा श्वासच त्याच्यावर रुसला. शिवराम त्याचे नाव. डोंगरावरच्या देवीच्या नगारखान्यात तो गुरूंच्या शेजारी बसून सनई वाजवी. दम्याचा झटका असा आला, की ओठ निळे पडले आणि नाकात नळ्या घालून त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले. तो बचावला, घरी परतला, डॉक्टरांनी वाजवायची परवानगीही दिली. पण सनई ओठांना लावली की सूर मध्येच तुटे. गावाने फुकटचे सल्ले भरपूर दिले. संबळ शिक, त्याला फुंकावे लागत नाही, असेही कुणी सुचवले. शिवरामच्या ते जिव्हारी लागले.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी गुरूंनी, म्हणजे आप्पांनी, त्यालाच सूर धरायला बसवले. गुरू राग आळवीत असताना शिष्याने गालांत हवा धरून, नाकाने श्वास घेत एकच स्वर अखंड लावून ठेवायचा, अशी तिथली रीत. आज तो तुटला तर शिवरामची जागा दुसऱ्याला जाणार होती. त्याने खिशातला दम्याचा पंप चाचपला, डोळे मिटले आणि छाती गच्च भरून घेतली. तेवढ्यात आप्पांनी त्याच्या हातातली सनईच काढून घेतली.

"आधी सगळा श्वास सोड," ते म्हणाले. "पार रिकामा हो."

शिवराम घाबरला. ज्या श्वासासाठी जीव अर्धा झाला, तोच ऐन वेळी टाकून द्यायचा? खाली माणसे ताटकळली होती. पण गुरूंचा शब्द मोडवेना. त्याने हळूहळू छाती रिकामी केली, आणि नवा श्वास आपणहून आत आला. आप्पांनी सनई परत दिली.

सूर लागला. आरती संपली, घंटा थांबल्या, तरी तो तुटला नाही. शिवरामच्या डोळ्यांतून आनंदाने पाणी वाहत होते.

मग आप्पा म्हणाले, "झटका आला तेव्हा तुझ्या छातीत हवा कमी नव्हती, शिवा. जुनी अडकून बसली होती, म्हणून नवीला जागा नव्हती. तो आजार डॉक्टरांनी आवरलाय, औषध सोडू नकोस. पण तू भीतीनं अजून श्वास साठवतोस. पुन्हा मिळेल असा ज्याला भरवसा नसतो, तोच साठवतो."

शिवरामने डोळे पुसले.

"आप्पा, संध्याकाळी राग मी वाजवू?"

त्या संध्याकाळी शिष्याने राग आळवला, आणि आप्पांनी त्याच्यासाठी सूर धरला.