एकादशीचं झुरळ

अन्नतपासनीस रणनवरेसाहेबांच्या मेव्हण्याने द्वारकाकाकूंच्या खानावळीसमोर नवं हॉटेल काढलं, तेव्हापासून काकूंची झोप उडाली होती. साहेब एक दिवस येणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ते आले नेमके एकादशीला, तेही खानावळ भरलेली असताना.

काकूंनी वरीचा भात आणि दाण्याची आमटी वाढली. दोन घास होतात न होतात तोच साहेब ओरडले, “आमटीत झुरळ! आजच टाळं ठोकतो!”

त्यांच्या चिमटीत खरंच झुरळ होतं. लोकांचे घास हातातच राहिले. काकू वाकल्या, आणि झुरळाच्या पाठीला चिकटलेली फोडणीची मोहरी त्यांना दिसली.

“साहेब, उपासाला मोहरी चालत नाही. सकाळपासून माझ्या फोडणीत नुसतं जिरं पडलंय.”

“मग?”

“मग टाळं जरूर ठोका. पण या झुरळाचा आज उपास दिसत नाही. ते जिथे जेवून आलंय, तिथे ठोका.”

सगळ्या माना समोरच्या हॉटेलकडे वळल्या. साहेब हात न धुताच उठले.