झिऱ्यावरचा पहिला घोट

ओढ्याकाठच्या जंगलात एक म्हातारा गवा राहत असे, आणि त्याचे एकही म्हणणे ज्याला पटत नसे असे एक म्हातारे वानर. त्या उन्हाळ्यात ओढा आटला, डोहात नुसता चिखल उरला, तरी या दोघांची सभा तीन दिवस चालूच होती. "जंगल टिकतं ते शिस्तीवर," गवा म्हणे. "प्रत्येकानं आपली पायरी ओळखावी." "पायरी ठरवणार कोण? तुझी शिंगं?" वानर फांदीवरून ओरडे. "सर्वांना सारखं मिळालं, तरच ते चांगलं जंगल." "फांदीवर बसून समता सांगतोस! आधी खाली उतर." ऐकणारे प्राणी खूश होऊन शेपट्या आपटत.

हरिणीचे पाडस मात्र तहानेने उभेही राहू शकत नव्हते. ती सभेत आली. "काका, पाणी कुठे मिळेल?" "थांब पोरी, ते वाटायचं कसं हे आधी ठरू दे," दोघे एकदमच म्हणाले. मुलांनो, तीन दिवसांत त्या थोरामोठ्यांचे एकमत झाले ते एवढ्यावरच! कडेला उभी असलेली तरुण रानडुकरीण भडकली. "नसलेलं पाणी वाटताय? बसा वाटत!" ती तडक ओढ्याच्या कोरड्या पात्रात गेली आणि नाकाडाने वाळू उकरू लागली. बरेच खोल गेल्यावर ओली वाळू लागली. मग खड्ड्यात हळूहळू पाणी झिरपून झिरा तयार झाला.

पण बातमी फुटताच सारे जंगल त्यावर तुटून पडले. कडेची वाळू ढासळू लागली. हरिणीने ढकलत ढकलत आणलेले पाडस पायांखाली चिरडले जाणार, अशी वेळ आली. रानडुकरीण ओरडत होती, पण तिचे ऐकतो कोण? तेवढ्यात गवा झिऱ्यापुढे आडवा उभा राहिला. "रांग लावा! माझ्या कळपानंही!" वानराने त्याच्या पाठीवर उडी मारली. "लहान असो की मोठा, प्रत्येकी दहाच घोट! आणि पहिला घोट पाडसाचा." "तेच मी म्हणणार होतो," गवा फुरफुरला.

पाडस प्यायले आणि थोड्या वेळाने आपल्या पायांवर उभे राहिले. हरिणीने तिघांपुढे मान लववली. रानडुकरिणीला जरा जड गेले, पण तीही म्हणाली, "काका, तुम्ही दोघं नसता तर माझा झिरा बुजला असता. मनापासून आभार." "आणि तू नसतीस तर आम्ही वाटलं काय असतं?" वानर खाली उतरत म्हणाले. "मग आता दुसरा झिरा खणू या," रानडुकरीण म्हणाली. "भांडायचं तर उकरता उकरता भांडा." गव्याने वाळूत खूर घातला. "तरीपण शिस्त म्हणजे..." तो पुटपुटला. "आधी उकर!" वानर म्हणाले.

तात्पर्य : चांगल्या समाजाची स्वप्ने वेगवेगळी असू शकतात, पण तहानलेल्यासाठी जो कामाला लागतो, त्याचे मत कोणतेही असो, त्याचे उपकार मोकळ्या मनाने मानावेत.