शोरूममधले सोफे

खंबाटकी घाटाच्या ऐन चढावर ड्रायव्हर बाबालालच्या हातातली नवी कोरी गाडी आपणहून ब्रेक लावून उभी राहिली. पुढे रस्ता मोकळा आणि मागे भरलेला ट्रक! ट्रकवाल्याने कसाबसा वीतभरावर ब्रेक मारला, म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या मालकीण डॉक्टर नलवडेबाई वाचल्या. गाडीच्या पडद्यावर मात्र ठसठशीत अक्षरं होती : 'समोर अडथळा'.

साताऱ्याच्या शोरूममध्ये पोचताच बाबालालने घडलेलं सगळं सांगितलं. मॅनेजर सरपोतदारांनी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता निकाल दिला, "बाई, आमची गाडी कधी बिघडतच नाही. ड्रायव्हर जुन्या वळणाचा आहे. तो बदला!"

तीस वर्षांत बाबालालच्या गाडीला ओरखडा नाही, आणि आज थेट नोकरीवर गदा!

"तरी गाडी बघून घेतो, तोवर आमच्या हॉलमध्ये बसा," सरपोतदारांनी ऐटीत दार उघडलं. "एसी, कॉफी, वीस सोफे!"

आत वीसच्या वीस सोफे भरलेले. जो तो आपली गाडी दुरुस्त होण्याची वाट बघत बसलेला.

बाबालालने सगळ्या सोफ्यांवरून नजर फिरवली. "साहेब, आमची जुनी गाडी ज्या कंपनीची होती, तिच्या गॅरेजात एकच बाकडं आहे."

"ऐकलंत बाई?" सरपोतदार खो खो हसले.

"अन् त्या बाकड्यावर," बाबालाल पुढे म्हणाला, "दिवसभर मेकॅनिक झोपलेला असतो."

वीस सोफ्यांवरची डोकी गर्रकन सरपोतदारांकडे वळली. बाईंनी किल्ली सरपोतदारांच्या हातावर ठेवली.

"बदलायचंच म्हणताय ना? मग गाडी बदला."